अवकाशयानात गाणं कशाला?

मंडळी, या वीकएंडचा विषय जरा विचित्र आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय आहे ऑपेरा. त्यातही अवकाशयानात घडणारा ऑपेरा, तोही १९६० साली टीव्हीवर दाखवलेला, आणि तोही स्वीडिश भाषेतला. (पळू नका! पुढे गीतरामायण येणार आहे, केसरबाई येणार आहेत, आणि आमचा नंदुरबार जिल्हासुद्धा.)

ऑफिसात जेवताना हा विषय काढला तर टीममधला एकजण म्हणाला, "अरे, म्हणजे यान उडायच्या आधी नांदी, आणि स्पेससूट घालून सूत्रधार-नटी?" सगळे हसले, मीही हसलो. पण नंतर वाटलं, यात नेमकं हसण्यासारखं काय आहे? १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगमंचावर आणलं, तेव्हापासून आपण देव, ऋषी, राजे, शापित अप्सरा, सगळ्यांना गायला लावलंय. दुष्यंत रथातून गातो ते चालतं, मग माणूस यानातून गायला तर काय बिघडलं? माझं तर उलट मत आहे. अवकाशाची गोष्ट नीट सांगायची असेल तर ती गाऊनच सांगावी लागते. आणि जगात ज्या थोड्या भाषांना हे सहज जमलं असतं, त्यात मराठी होती.

आधी तो ऑपेरा. हॅरी मार्टिनसन नावाचा स्वीडिश कवी. लहानपणीच पोरका झालेला, तरुणपणी जहाजांवर काम करत जग हिंडलेला. १९५६ मध्ये त्याने 'अनिआरा' नावाचं १०३ सर्गांचं काव्य प्रसिद्ध केलं. (१९७४ चं साहित्याचं नोबेल त्याला आयविंड जॉन्सनबरोबर विभागून मिळालं.) गोष्ट अशी: अणुयुद्धांनी पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही, म्हणून माणसांना यानांत भरून मंगळावर नेतायत. अनिआरा हे त्यातलंच एक यान, आठ हजार माणसं घेऊन निघालेलं. एक लघुग्रह चुकवताना यानाची दिशा बदलते, सुकाणू निकामी होतं, आणि यान सूर्यमालेच्या बाहेर निघून जातं. बस. पुढे काहीही होत नाही. कोणी वाचवायला येत नाही, परग्रहवासी भेटत नाहीत, शेवटच्या मिनिटाला कुणाला आयडिया सुचत नाही. माणसं यानात जगतात, नाचतात, पंथ काढतात, म्हातारी होतात, मरतात. यान मात्र पुढे जातच राहतं, पंधरा हजार वर्षं, लायरा या तारकासमूहाच्या दिशेने.

लायराचं मराठी नाव ठाऊक आहे? स्वरमंडळ! गवई मांडीवर घेऊन बसतात ते वाद्य. त्यातला ठळक तारा म्हणजे आपला अभिजित. मार्टिनसनला मराठी येत नव्हतं, पण आपल्याला तर येतं ना.

१९५९ मध्ये कार्ल-बिर्गर ब्लुमडाल या संगीतकाराने त्याचा ऑपेरा केला. संहिता एरिक लिंडेग्रेन या कवीची, पहिला प्रयोग स्टॉकहोमच्या शाही ऑपेरागृहात. दुसऱ्याच वर्षी, १९६० मध्ये, आर्ने आर्नबोम यांच्या दिग्दर्शनात त्याची टीव्ही आवृत्ती झाली. तेव्हा स्वीडनमध्ये टीव्ही नियमित सुरू होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. चॅनेल एकच, चित्र कृष्णधवल. बदलायला दुसरं चॅनेलच नाही! घरात बसून माणसं बघतायत की आपल्यासारखीच माणसं एका बंद डब्यात बसलीयत आणि डबा कुठेही पोचणार नाहीये. मला ही कल्पनाच जबरदस्त वाटते. थिएटरात तुम्ही गर्दीत असता, नाटक संपलं की बाहेर पडून चहा पिता. टीव्ही तुमच्या बैठकीच्या खोलीत असतो.

यात एक पात्र आहे, त्याच्यासाठी आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने अनिआरा वाचावं. मिमा. मिमा हे एक यंत्र आहे. दूरदूरच्या जगांची दृश्यं ती पकडते आणि प्रवाशांना दाखवते, आणि लोक त्यावरच तग धरून असतात. तिचा निर्माता कबूल करतो की तिचा अर्धा भाग तिने स्वतःच घडवलाय, तो त्यालाही उलगडत नाही. (हे १९५६ सालचं आहे बरं का. आजच्या चॅटबॉटवाल्यांनी नोंद घ्यावी.) आणि ही सगळी गोष्ट सांगणारा निवेदक कोण? मिमाची देखभाल करणारा माणूस. त्याने ती बनवलेली नाही, त्याला ती पूर्ण समजलेलीही नाही, तो फक्त ती चालू ठेवतो. थोडक्यात, प्रॉडक्शन सपोर्ट!

एक दिवस मिमा पृथ्वीवरच्या एका मोठ्या शहराचा विनाश बघते, प्रवाशांना दाखवते, आणि त्यानंतर तिला ते सोसवत नाही. ती बंद पडते. दुःखाने. आता आरसीएमध्ये काय लिहिणार सांगा! मग व्हायचं तेच होतं, यानाचा प्रमुख सपोर्टवाल्याला पकडून कोठडीत टाकतो. रात्री तीनला कॉल घेतलेला कुठलाही इंजिनियर हे वाचून मान डोलावेल.

ब्लुमडालने या मिमाला गायिका दिली नाही. मिमा येते तेव्हा ऑर्केस्ट्राच्या जोडीला टेप वाजते, ध्वनिमुद्रित, इलेक्ट्रॉनिक आवाजांची. माणसं गातात, यंत्र गात नाही, पण यंत्राला जे होतंय ते ऐकू येतं. एक कोटी ग्राफिक्स मिळून हे करू शकणार नाहीत. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, बेल लॅब्जमधल्या आयबीएमच्या कॉम्प्युटरकडून खरोखरच एक गाणं गाऊन घेतलं गेलं, आणि १९६८ च्या '२००१ : ए स्पेस ओडिसी'मध्ये हॅल नावाचा कॉम्प्युटर बंद होताना तेच गाणं म्हणतो. त्या सिनेमातली याने, स्थानकं, फिरणारी चाकं, सगळं भारी आहे. पण पोटात कालवतं ते त्या गाण्याशी.

आता मुद्दा. अवकाशात दाखवण्यासारखं फारसं काही नसतंच. आहे ते अंतर, आणि अंतर दाखवता येत नाही. व्हॉयेजर-१ सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने अभिजितकडे निघालात तर साडेचार लाख वर्षांच्या आसपास लागतील. हा आकडा मी आत्ता लिहिला, तुम्ही वाचलात, आणि दोघांनाही काहीही झालं नाही. मार्टिनसनचा खगोलज्ञ हेच अंतर समजावताना काचेचं भांडं हातात घेतो आणि काचेत अडकलेला बुडबुडा दाखवतो. हा बुडबुडासुद्धा काचेतून सरकतोय, म्हणे, फक्त फार फार सावकाश. आपलं यान म्हणजे तो बुडबुडा. हे वाचलं तेव्हा मात्र काहीतरी झालं. आकड्याने जे झालं नाही ते उपमेने झालं, आणि उपमेने होतं ते सुरांनी चौपट होतं.

संगीत नाटकावर आपल्याकडे एक जुना आक्षेप आहे. पद सुरू झालं की गोष्ट थांबते. नायिका संकटात असते, आणि नायक आलापी करत बसतो, वर वन्समोअर! आक्षेप खरा आहे. पण अनिआरासारख्या कथेत गोष्ट थांबलेलीच आहे. सुकाणू तुटल्यानंतर घटना संपल्या, आता उरलंय ते फक्त वेळ आणि त्या वेळेचं काय करायचं हा प्रश्न. म्हणजे ज्या दोषासाठी संगीत नाटकाला नावं ठेवली गेली, तोच इथे गुण. आठ हजार माणसं, घाई कुणालाच नाही. घ्या वन्समोअर!

हे कसं करू नये याचाही नमुना आहे. १७ नोव्हेंबर १९७८ ला अमेरिकेत सीबीएसने 'स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल' दाखवला. स्टार वॉर्स तुफान गाजलेला, सगळे मूळ कलाकार हजर, गाणी, नाच, विनोदी प्रवेश, आणि सुरुवातीला बराच वेळ केसाळ वूकी मंडळी आपसात गुरगुरतायत, सबटायटल्सशिवाय. शेवटी राजकन्या लिया गाणं म्हणते. एकदा दाखवला, नंतर सीबीएसने पुन्हा नावही काढलं नाही. हा फसला कारण गाणी कथेला चिकटवलेली होती, कथेला त्यांची गरज नव्हती. आपल्या हिंदी पिक्चरमध्ये खलनायकाच्या अड्ड्यावर नाच असतो, तसं. तेव्हा नुसतं 'अवकाश अधिक गाणी' हे समीकरण मी मांडत नाहीये, कृपया नोंद घ्यावी.

आणि करावं कसं, याचा धडा आपल्या घरातच आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाडांनी मागितलं, गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या, आठवड्याला एक गाणं, वर्षभर, एकूण ५६. मार्टिनसनचं काव्य आलं त्या १९५६ च्या एप्रिलात ते पूर्ण झालं. म्हणजे तिकडे अनिआरा छापून येत होतं त्याच वर्षी इकडे एका सरकारी केंद्रावरून अख्खं महाकाव्य गाऊन सांगून झालं होतं! रथ नाही, लंका नाही, पुष्पक विमान नाही. नुसता रेडिओ. लोक रेडिओला हार घालायचे असं जुनी मंडळी सांगतात. त्यात युद्ध आहे, समुद्रावरचा सेतू आहे, पण गदिमांनी प्रत्येक गाण्यात घटनेपेक्षा ती घटना कुणाच्या तोंडून येते हे धरलं. दशरथ, कौसल्या, भरत, शबरी, प्रत्येकाचं आपलं एक गाणं. लिंडेग्रेनलाही १०३ सर्गांतून हेच निवडायचं होतं, कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार.

म्हणजे महाकाव्य प्रसारणासाठी गाण्यात कसं बसवायचं, हे आपल्याला येत होतं. रात्रभर बसून ऐकणारा प्रेक्षक होता. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं, आणि पुढची वीसेक वर्षं स्वीडनसारखीच स्थिती, चॅनेल बदलायची सोय फारशी नाही. आणि नेमकं त्याच काळात मराठी विज्ञानकथा भरात आली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेला बक्षीस मिळालं, आणि नंतर कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या शीर्षकाकडेच बघा, नाट्यपदाच्या पहिल्या ओळीसारखं वाटतं की नाही?

तीन तारा जवळजवळ होत्या, कुणी जोडल्या नाहीत. टीव्हीवर अवकाश आलं ते 'स्पेस सिटी सिग्मा' आणि नंतर १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' होऊन, हिंदीत, पुठ्ठ्याच्या कंट्रोल पॅनेलसकट. त्या मालिकांवर माझा राग नाही, पोरांना आवडल्या. पण त्यांनी शर्यत लावली ती इफेक्ट्सची, आणि ती आपण पैशावाचून हरणारच होतो. कोपऱ्यात पडलेली पेटी आणि तबला कुणी उचलला नाही.

नारळीकर २० मे २०२५ ला गेले तेव्हा मी त्यांच्या कथा पुन्हा काढून वाचल्या. आदर तसाच आहे, किंबहुना वाढला. पण एक गोष्ट जाणवली ती लिहितो, रागावू नका. आपली विज्ञानकथा समजावून सांगते. फार छान समजावते. हे असं का होतं, यामागचा नियम काय, निरीक्षण काय. खुद्द नारळीकरांचं ध्येयच विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचं होतं, तेव्हा ते योग्यच. पण त्यामुळे आपल्याकडे विज्ञानकथा म्हणजे माहिती आणि कोडं, असं समीकरण बसलं. विलाप तिच्या वाट्याला आलाच नाही. आणि विलाप करण्यासारखं आपल्याकडे काही नव्हतं का?

इथे मला गावाकडे यावं लागेल. मी मूळचा कळसाडीचा, नंदुरबार जिल्हा. आमचा जिल्हाच १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, माझ्याच वयाचा म्हणा ना. पुण्यात कुणाला गाव सांगितलं की "गुजरातमध्ये का?" असं विचारतात. असो. या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे नर्मदा. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, काही पूर्ण, काही अर्धीमुर्धी, आणि ती सगळीच्या सगळी आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डोमखेडी, निमगव्हाण. माणसं उठली, काही गुजरातेत गेली, काही तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर नव्या वसाहतींत, काही वरच्या डोंगरावर सरकली. १३८.६८ मीटर उंचीचं धरण २०१७ मध्ये देशाला अर्पण झालं, आणि २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

अनिआरा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मंगळ आठवला नाही, ही गावं आठवली. माणसं यादीत नाव लावून निघालीयत, पोचतील तिथे जमीन मिळणार असं सांगितलंय, आणि मागे जे होतं तिथे आता परत जाता येत नाही, कारण ती जागाच उरली नाही. 'विस्थापित' आणि 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. सरकारी कागदावर ते ठीक आहेत, पण त्या शब्दांना चाल लावता येत नाही.

आता कोणी म्हणेल, आंदोलनाची गाणी होती की. होती, आहेत, आणि चांगली आहेत. पण ती लढायची गाणी आहेत. लढाईचा निकाल लागल्यावर, पाणी भरल्यावर, नव्या वसाहतीत पंचवीस-तीस वर्षं काढल्यावर माणूस काय म्हणतो, त्याचं काय? अनिआराचा विषय नेमका तो आहे. सुकाणू तुटण्याचा दिवस दोन-चार सर्गांत संपतो. पुढचं सगळं 'मग आपण इथेच राहिलो' याबद्दल आहे. याशिवाय दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, ती परत येतात तरी. आणि हिंजवडीला जाणारे माझ्यासारखे, पण आम्हाला त्या रांगेत बसवणं म्हणजे अतिच होईल. आम्ही एसी बसने जातो.

बरं, गाऊन गोष्ट सांगायची सोय आमच्याकडे आहे का? आहे! आमच्या भागात सोंगाड्या पार्टी असतात. रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत, गाणं, नाच, मधे मधे धमाल विनोद, आणि सोंगाड्या राजाचीही खिल्ली उडवतो आणि पुढे बसलेल्या सरपंचाचीही. पुण्याच्या रसिकाला हे संगीत नाटकापेक्षा वेगळं वाटेल, मला ते त्याचंच मोकळं भावंड वाटतं. अनिआरातही एक विनोदवीर आहे बरं का, यानातल्या लोकांना हसवत ठेवणारा. मार्टिनसनला कळलं होतं की आठ हजार माणसांना नुसत्या तत्त्वज्ञानावर जगवता येत नाही.

केसरबाईंचं राहिलंच. १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकड्या बसवल्या, त्यात भारतातलं एकच गाणं आहे. गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. कुठे चाललास, असं विचारणारं गाणं, जे यान परत येणारच नाही त्याच्यावर! व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. म्हणजे अवकाशयानात गाणं कशाला, हा प्रश्नच गैरलागू आहे, ते केव्हाच जाऊन बसलंय, आणि ते आपलं आहे.

त्याच यानाला २०२३ च्या नोव्हेंबरात एक मेमरी चिप दगा देऊन गेली आणि ते निरर्थक काहीतरी पाठवायला लागलं. पृथ्वीवरच्या इंजिनियरांनी ४६ वर्षं जुन्या सिस्टिममधला कोड तुकडे करून मेमरीत दुसरीकडे हलवला. संदेश जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. आपण डिप्लॉयमेंटला पाच मिनिटं लागली तर बोंब मारतो. २० एप्रिल २०२४ ला उत्तर आलं, यान पुन्हा नीट बोलायला लागलं. मार्टिनसनचा निवेदक मला तेव्हा आठवला. मिमा त्याला पुन्हा चालू करता आली नव्हती.

२०१८ मध्ये स्वीडिश दिग्दर्शकांनी अनिआरावर सिनेमाही काढला. चांगला आहे, जरूर बघा. मॉलसारखं यान, एस्कलेटर, खाण्याची दुकानं, सगळं ओळखीचं. पण त्यात माणसं बोलतात, गात नाहीत, आणि मला सारखं वाटत राहिलं की इथे कोणीतरी सूर लावायला हवा होता.

मराठीत हे करायला आता कुठलं चॅनेल लागत नाही, हे उलट सोपं झालंय. मी मनातल्या मनात थोडी आखणीही केलीय. निवेदक एक, अंध कवयित्री एक (मूळ ऑपेरातही आहे, स्टॉकहोमच्या पहिल्या प्रयोगात मार्गारेटा हालिनने गायली होती), सोंगाड्या आमच्याकडचा, आणि पडद्यावर तारे अजिबात नाहीत. काळा पडदा आणि एक दिवा पुरे. भाषा एकच नको, यानात अहिराणी, भिली, पावरी, पुणेरी सगळी बसलेली असणार. अडतंय ते मिमापाशी. तिला सिंथेसायझर दिला तर फार सरळ होतं. माझा एक मित्र तबला वाजवतो, तो म्हणतो नुसता तानपुरा ठेव, आणि ती बंद पडते तेव्हा एकेक तार उतरव. मला पटतंय, पण मग त्याआधी दीड तास तानपुरा सतत चालू ठेवावा लागेल, आणि प्रेक्षकांना तो ऐकू यायचा बंद होईल. तुम्हाला काय वाटतं?